वूलपॅकचा तेरावा

मंगळवार होता. मंगळवारी लेस्टरजवळच्या हॉलबीला बाजार भरतो, म्हणून सकाळी अकरालाच वूलपॅक पब गच्च भरला होता. शशिकांत तळघरात बिअरचे पाइप धूत होता. वर फोन वाजला, वाजत राहिला, मग कुणीतरी उचलला. थोड्या वेळानं त्याला जिन्यावर रॉन ऑर्टनचे बूट दिसले.

एकोणीस वर्षांत एकही गिऱ्हाईक त्या जिन्यानं खाली उतरलं नव्हतं. ती त्याच्या बायकोची, मीनाक्षीची शिस्त होती. बूट चौथ्या पायरीवर थांबले तेव्हाच शशिकांतला कळलं. काय झालं ते नाही, पण कुणाचं झालं ते कळलं.

"लेस्टरहून फोन आहे, शॅश," रॉन म्हणाला. "हॉस्पिटलमधून."

त्यानं नळ बंद केला, हात पुसले आणि वर गेला. फोनवरच्या बाईनं अडखळत नाव वाचलं, मीनाक्षी शशिकांत सरमळकर. मग विचारलं, तुम्ही मिस्टर शशिकांत का? तो हो म्हणाला. मीनाक्षी सकाळच्या बसनं लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानात पोहे आणि आमसुलं आणायला गेली होती. दुकानात रांगेत उभी असताना कोसळली. हार्ट अटॅक. ॲम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं. बाईनं विचारलं, तुमच्याजवळ कुणी आहे का?

शशिकांतनं मागे पाहिलं. चाळीसएक माणसं हातात ग्लास धरून गप्प उभी होती.

"आहेत," तो म्हणाला.

त्या दुपारी रॉननं दाराला आतून कडी घातली, आणि त्यानंतर तेरा दिवस वूलपॅक उघडला नाही. मधला एक बाजारचा मंगळवारसुद्धा बंद गेला. असं लढाईतही झालं नव्हतं म्हणे. दुसऱ्या आठवड्यात गावात बोललं जाऊ लागलं, की ब्रुअरी आता इमारत विकणार आणि तिथे फ्लॅट होणार.

इमारत ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीचीच होती. इथे पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणतात, पण लँडलॉर्डच्या मालकीचं काही नसतं. हे उल्हासला, म्हणजे शशिकांतच्या धाकट्या भावाला, समजायला पाच वर्षं लागली होती. तोवर तो लंडनला, स्टॅनमोरमध्ये ओळखीच्यांना सांगत असे की आमच्या दादानं दोनशे वर्षं जुनी इमारत घेतली. लायसन्स मीनाक्षीच्या नावावर होतं. पंच्याऐंशी साली शशिकांत मोज्यांच्या कारखान्यात होता, सुट्टी मिळेना, म्हणून कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर ती एकटी उभी राहिली. कारखाना बंद पडल्यावर तो पबमध्ये आला तो थेट तळघरात. बिअर तो सांभाळायचा, माणसं ती सांभाळायची. आता ब्रुअरीचं पत्र आलं होतं. पत्र सभ्य होतं. सांत्वनाच्या दोन ओळी, आणि खाली, नवीन लायसन्सदाराचं नाव सोमवारपर्यंत कळवावं, नाहीतर आम्हाला दुसरी सोय करावी लागेल.

रविवारी तेरावा होता.

वर राहत्या जागेत आठ माणसं बसणं मुश्कील, म्हणून पानं खालीच मांडायची ठरली. अडचण एकच होती. आक्का येणार होती.

आक्का म्हणजे शशिकांत आणि उल्हासची थोरली बहीण, अनुराधा. एकाहत्तर वर्षांची. मे महिन्यात कराडहून सहा महिन्यांसाठी उल्हासकडे आली होती. शशिकांतचं इंग्लंडात हॉटेल आहे, असं तिला एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलेलं होतं. पहिल्या पत्रात शशिकांतनंच तो शब्द लिहिला. कराडला हॉटेल म्हणजे मिसळ, चहा, काचेच्या कपाटातले लाडू. कुणाला लाज वाटायचं कारण नाही. नंतर तो शब्द मागे घ्यायची वेळच आली नाही. आक्का आल्यावरही मीनाक्षीच दर पंधरा दिवसांनी स्टॅनमोरला जाऊन तिला भेटून यायची. हॉटेलला सुट्टी नसते हो, म्हणायची, मीच येते. अंत्यविधीला गुडघ्यामुळे आक्का गेली नाही. तेराव्याला मात्र ती कुणाचं ऐकेना.

उल्हासची बायको अर्चना सकाळी सातलाच पोचली आणि तिनं पांढऱ्या चादरी काढल्या. बारचा सगळा काउंटर झाकला. मागच्या बाटल्यांवर पडदा लावला. कस्तुरी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काकू, आता हे जास्त सस्पिशस दिसतं."

"दिसू दे. तू ती डार्ट्सची पाटी काढ."

कस्तुरी ही शशिकांतची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची, क्रॉयडनला व्हिसा ऑफिसात नोकरीला. तिचा जन्म लेस्टरचा आणि वाढ याच इमारतीतली.

अकरा वाजता गुरुजी विधी आटोपून गेले. साडेअकराला उल्हासनं आक्काला मागच्या अंगणातून हाताला धरून आत आणलं. ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, आणि फोटोला नमस्कार करून मान वर केली. चादरीखालून बिअरपंपाच्या चार उंच मुठी टोकं वर काढून उभ्या होत्या.

"हे काय गं?"

"कॉफीचं मशीन, आक्का," अर्चना म्हणाली.

"चार?"

"इकडे कॉफी फार पितात."

शशिकांत पानं वाढत होता. त्याला कुठे बघावं समजेना.

जेवण सुरू झालं. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, खीर. खिरीशी उल्हासनं विषय काढलाच. तो मनानं वाईट नव्हता. तेरा दिवस तो रोज फोन करत होता, आणि स्टॅनमोरच्या घरातली वरची खोली त्यानं रंगवूनसुद्धा घेतली होती.

"दादा, उद्या सोमवार. मी लेटर ड्राफ्ट केलंय. थँक यू म्हणायचं आणि किल्ल्या द्यायच्या. तू आमच्याकडे राहायला यायचं. आक्काही आहे ऑक्टोबरपर्यंत."

"काका, मी सांगितलं ना, मी घेते," कस्तुरी म्हणाली. "माझी निर्णय झाली आहे."

"माझा निर्णय झाला आहे," आक्का म्हणाली. "निर्णय पुल्लिंगी. काय घेतेस?"

अर्चनानं घाईनं तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

"सरकारी नोकरी सोडून हे करणार तू?" उल्हास आवाज खाली आणून म्हणाला. "उद्या स्थळं बघताना लोक विचारतील, मुलगी काय करते."

"मग सांगा, हॉटेल आहे. तुम्हाला सवय आहे."

"कस्तुरी," शशिकांत म्हणाला.

"आणि काका, लास्ट ख्रिसमसला तुम्ही तिथे कोपऱ्यात बसून किती..."

"कस्तुरी, पुरे."

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. अर्चनानं खिडकीतून वाकून पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "बाहेर अख्खं गाव आहे."

अख्खं गाव नव्हतं, पण पन्नासेक माणसं होती. पुरुषांनी काळे टाय लावले होते. रॉन सगळ्यांच्या पुढे उभा होता, हातात टोपी. पाऊस भुरभुरत होता आणि कुणीही छत्री उघडलेली नव्हती.

"कोण आहेत ही माणसं?" आक्कानं विचारलं.

शशिकांतनं पळी भांड्यात ठेवली. खोटं बोलायचं तर आत्ता एक वाक्य पुरलं असतं. हॉटेलची गिऱ्हाइकं, म्हटलं की झालं. ते वाक्य त्याच्या तोंडात आलंही. पण ज्या बाईसाठी ती माणसं भिजत होती ती फोटोत होती, आणि आपण तिच्यासमोर तिला कॉफी विकायला लावतो आहोत असं त्याला वाटलं.

"आक्का, हे हॉटेल नाही," तो म्हणाला. "पब आहे. म्हणजे दारूचं दुकान म्हण, गुत्ता म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मीनाक्षी चालवायची. ती माणसं तिची आहेत."

आक्कानं हातातली वाटी खाली ठेवली. मग तिनं त्या चार मुठींकडे पुन्हा पाहिलं.

"मग डॉक्टर पाटणकरांचा रवी इथे आला होता, तो कुठे राहिला?"

शशिकांतला ते आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. त्र्याण्णव साली आक्कानं मोठ्या विश्वासानं कराडच्या डॉक्टरांच्या मुलाला पत्ता दिला होता, आमच्या शशीचंच हॉटेल आहे, तिथेच उतर. रवी दोन सुटकेसा घेऊन बारसमोर उभा राहिला आणि त्यानं खोली मागितली.

"आमच्या खोलीत," शशिकांत म्हणाला. "आम्ही चार दिवस खाली बाकांवर झोपलो. मीनाक्षी त्याला रोज सकाळी पोहे करून द्यायची."

"तो परत येऊन म्हणाला, हॉटेल उत्तम आहे, फक्त संध्याकाळी जरा आवाज असतो."

अर्चना पदर तोंडाला लावून हसली. तिनं थांबायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच वाढलं. मग कस्तुरी हसली. आक्का हसली नाही.

"दारूचं मला वाईट वाटलं नाही असं नाही," ती म्हणाली. "वाटलंच. पण मी एकोणीस वर्षं चार लोकांत एक खोटी गोष्ट सांगत होते, आणि तुम्ही मला ती सांगू दिलीत. ते जास्त लागलं. आता त्यांना आत घ्या. तेराव्याला दारात आलेला माणूस उपाशी पाठवत नाहीत."

"आक्का, एवढ्या लोकांना जेवण कुठे पुरणार?" उल्हास म्हणाला.

"खीर आहे. वाट्या लहान घ्या."

माणसं आत आली. एकेकानं फोटोसमोर मान खाली घातली. बायकांनी आणलेले सँडविचचे ट्रे टेबलावर मांडले. अर्चना खिरीच्या वाट्या देत फिरू लागली. बाजारात अंडी विकणाऱ्या बाईनं तीन वाट्या खाल्ल्या आणि कृती विचारून घेतली. चादरी तशाच होत्या. सगळ्यांनी त्या बघितल्या, आणि कुणी काही विचारलं नाही.

रॉन आक्काजवळ येऊन बसला. त्याचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि ज्याला त्याला वूलपॅकचा इतिहास ऐकवण्याची त्याला सवय होती. मराठी येत नाही ही त्याला अडचण वाटली नाही. त्यानं दाराजवळच्या भिंतीवरच्या लांब लाकडी पाटीकडे बोट केलं. पाटीवर सोनेरी अक्षरांत सगळ्या लँडलॉर्डची नावं होती, सतराशे शहाऐंशीपासून. कस्तुरी मध्ये बसून मराठीत सांगू लागली.

"पहिली थॉमस पेल."

"पहिला," आक्का म्हणाली.

"पहिला थॉमस पेल. तो लोकर वजन करायचा. बाजारात. मग त्याचा मुलगा. मग तो मेली..."

"मेला."

"मेला, आणि त्याची बायको ॲन चालवली, सत्तावीस वर्षं. तिला लिहायला येत नव्हती. सहीच्या जागी फुली मारायची. मग जोसाया टेबट. तो खूप धार्मिक होता, दारूला कधी हात नाही लावला."

"मग चालवत कशाला होता?"

कस्तुरीनं रॉनला विचारलं. रॉन म्हणाला की त्या काळी गावात सभेला एवढी मोठी खोली दुसरी नव्हती, आणि टेबटला सभांची फार हौस होती. आक्काला ते पटलं. कराडलाही असे लोक आहेत, म्हणाली.

"मग हॅरी मार्लो. पाटीवर हॅरी लिहिलंय, पण तो चार वर्षं लढाईत होता. तेव्हा सगळं बायकोनी केलं. तिचं नावच नाही."

"असंच असतं," आक्का म्हणाली. मग तिची नजर पाटीच्या तळाशी गेली. इंग्रजी अक्षरं ती सावकाश लावत वाचायची. एम, एस, सरमळकर. पुढे पंच्याऐंशी, मग एक रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा.

"हे मीनाक्षीचं?"

"हो."

"सोन्यात लिहिलंय," आक्का म्हणाली, "आणि मला हे ती गेल्यावर दिसतंय." तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. रॉन दुसरीकडे बघू लागला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मी तिला कधी विचारलं नाही. एम म्हणजे मीना, ते ठाऊक आहे. एस म्हणजे काय?"

"तो बाबा आहे," कस्तुरी म्हणाली. "आमच्यात बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधे असतं. मीनाक्षी शशिकांत सरमळकर. फॉर्ममध्ये पूर्ण नाव लिहा म्हणाले, आईनं पूर्ण लिहिलं."

रॉननं शशिकांतकडे वळून पाहिलं. "म्हणजे तू एकोणीस वर्षं त्या पाटीवर आहेस. आणि आम्ही समजत होतो तू तळघरात आहेस."

आजूबाजूचे हसले. शशिकांतही थोडा हसला. मग खोली हळूहळू शांत झाली, आणि ती कशासाठी शांत झाली हे सगळ्यांना माहीत होतं. वूलपॅकमध्ये एक जुनी रीत होती. लँडलॉर्ड गेला की पहिला ग्लास नवा लँडलॉर्ड भरतो आणि सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला देतो. तो विकायचा नसतो. तो भरला की पब चालू, नाही भरला तर माणसं टोप्या घालून घरी जातात. रॉन त्यासाठीच आला होता, पण तो मागणार नव्हता.

कस्तुरी उठली. "मी भरते."

"थांब," उल्हास म्हणाला. "दादा, हिला थांबव. आणि भरणार काय? तेरा दिवस बंद आहे, बिअर आंबली असेल."

"नाही आंबली," कस्तुरी म्हणाली. "मी काल खाली गेले होते. बाबांनी शुक्रवारी नवीन पिंप लावलंय. दोन दिवस निवळायला ठेवलंय." ती शशिकांतकडे वळली. "बाबा, किल्ल्या द्यायच्या होत्या तर नवीन पिंप का लावलं?"

शुक्रवारी सकाळी तो नुसता बसायला खाली गेला होता. जुनी पिंपं रिकामी केली, पाइप धुतले, मग हाताला सवय म्हणून नवं पिंप लाकडी घोडीवर चढवलं. नंतर त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं. हे पिणार कोण?

"लावलं," तो म्हणाला.

"मग?"

तो मुलीला जरा बाजूला, खिडकीशी घेऊन गेला.

"कस्तुरी, खरं सांग. तुला हे हवंय, की मी एकटा पडेन म्हणून घेतेस?"

तिनं खिडकीची काच पुसली. बाहेर बाजाराचा चौक ओला होऊन रिकामा पडला होता.

"आय डोन्ट नो, बाबा," ती म्हणाली. "मला आईची ही जागा जायला नको आहे. एवढंच माहीत आहे."

"मग तू क्रॉयडनला जा. पुढे कधी तुला स्वतःला पब हवासा वाटला तर सांग. तेव्हा बघू."

"आणि आता कोण? तुम्ही? तुम्ही तर गिऱ्हाइकांशी बोलत पण नाही."

"शिकेन."

"बासष्ट वर्षांचे आहात तुम्ही."

"ती ॲन पेल फुली मारायची," शशिकांत म्हणाला. "मला निदान सही येते."

तो काउंटरकडे गेला. चादर काढायला त्यानं हात पुढे केला, पण अर्चना आधीच तिथे होती. तिनं सकाळी स्वतः खोचलेली चादर एका झटक्यात ओढली आणि घडी घालायला लागली.

"अर्चना," उल्हास म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. ती वरची खोली तुमच्या ऑफिसला घ्या. भाऊजी तिथे बसून काय करणार? टीव्ही बघणार?"

उल्हासनं आक्काकडे पाहिलं. आक्कानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खुर्ची वळवून, नीट दिसेल अशी बसत होती.

शशिकांतनं मूठ धरली. ही मूठ त्यानं हजार वेळा दुरुस्त केली होती, पण काउंटरच्या या बाजूनं लोकांसमोर कधी ओढली नव्हती. पहिल्या ओढीला नुसता फेस आला. तो त्यानं ओतून दिला. दुसऱ्या ओढीला बिअर आली, तांबूस आणि स्वच्छ. ग्लास काठोकाठ भरायला त्याला मीनाक्षीच्या दुप्पट वेळ लागला. सगळे वाट बघत थांबले.

त्यानं ग्लास रॉनसमोर ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी मीनाक्षीला नेहमी काहीतरी सुचायचं. त्यानं काउंटरवर सांडलेला फेस फडक्यानं पुसला.

"उद्या कोर्टाचं तात्पुरतं पत्र घेतो, तारीख लागेपर्यंत ते चालेल," तो म्हणाला. "मंगळवारी बाजार आहे. दहाला दार उघडतो. मला नावं लक्षात राहत नाहीत, तेव्हा पहिले काही दिवस आपापली सांगा."

रॉननं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि मिशी पुसली.

"रॉन," तो म्हणाला.

मग पुढचा म्हणाला, "केन." त्यामागून अंडी विकणारी बाई म्हणाली, "डॉरिस, आणि मला खीर." असं करत सगळी ओळ पुढे सरकली, आणि इतकी वर्षं ज्या माणसांचे फक्त आवाज त्यानं तळघरातून ऐकले होते, त्यांचे चेहरे त्याला एकेक करून दिसले. काही आवाज त्यानं भलत्याच चेहऱ्यांना लावलेले होते.

पाच वाजता माणसं गेली. उल्हासनं कोट चढवला, खिशातून ते पत्र काढलं, दुमडलं आणि परत खिशात ठेवलं. "मग नवीन ड्राफ्ट करतो," तो म्हणाला. "तुझ्या नावानं. स्पेलिंग काय द्यायचं, आधीचंच?"

"आधीचंच."

"मधलं नाव?"

शशिकांतनं विचार केला. पुरुषाच्या नावात मधे वडिलांचं असतं, ही रीत. "मधे मीनाक्षीचं घाल," तो म्हणाला.

"असं नसतं, दादा."

"त्यांना काय माहीत?"

उल्हास तेरा दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसला. "एस. एम.," तो म्हणाला. "घालतो."

आक्का गाडीत बसायला तयार नव्हती. चार दिवस इथेच राहते, म्हणाली, मला मंगळवारचा बाजार बघायचाय. वरच्या खोलीत जिना चढून जायला तिला पंधरा मिनिटं लागली. वर पोचल्यावर तिनं दम खाल्ला आणि शशिकांतला समोर बसवलं.

"मी कराडला फोन करणार नाही," ती म्हणाली. "रवी पाटणकरला नाही, त्याच्या वडिलांना नाही, कुणालाच मी सांगणार नाही. खोटं तू लिहिलं होतंस. खरंही तूच लिही. हातानं, पत्रात. तुझी बायको काय करत होती आणि लोक तिला किती मानत होते, ते."

"लिहितो," शशिकांत म्हणाला.

सोमवारी सकाळी उल्हासचं पत्र ब्रुअरीकडे फॅक्सनं गेलं आणि दुपारी त्यांचं होकाराचं उत्तर आलं. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली. कस्तुरी संध्याकाळच्या ट्रेननं क्रॉयडनला गेली. मंगळवारी दहाला दार उघडलं, आणि आक्का खिडकीशी बसून बाजार बघत होती.

कराडचं पत्र अजून लिहायचं राहिलं आहे.